वाढलेलं आणि खाल्लेलं

आधीच सांगते, माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. पुण्याच्या दवाखान्यानं ती अभ्यासासाठी दिली होती, मागची पानं कोरी राहिली. अंगात त्राण नाही, तरी लिहून टाकते.

मला साखर निघाली तेव्हा घरात कुणाला खरं वाटेना. सिमेंटच्या गोणीएवढंही माझं वजन नाही. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "साखर खात्यापित्या माणसाला होती. तुला कुठनं घावली?" यवतच्या डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडेनात, म्हणून त्यांनी पुण्याला पाठवलं. तिथं माझ्यासारख्या बारीक बायांच्या साखरेवर अभ्यास चालला होता. औषध फुकट. एसटीचं भाडं मात्र आधी आपण घालायचं, सगळ्या खेपा झाल्या की ते खात्यावर परत देणार. ते भाडं जाऊबाईंनी अंडी विकून साठवलेल्या पैशांतून दिलं.

माझ्या दंडावर रुपयाएवढं बटण चिकटवलं. ते रात्रंदिवस साखर मोजतं. इंजेक्शन आपलं आपण टोचायचं आणि रोज काय खाल्लं ते वहीत लिहायचं.

इथं मी चुकले. आमच्यात सगळ्यांचं झाल्यावर सून जेवते. खुरपायला जायचं असलं की सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धी भाकरी. तसं लिहिलं तर लोक म्हणतील, सासरी उपाशी ठेवतात. म्हणून मी इतरांच्या ताटात वाढलेलं माझ्या नावावर लिहिलं. दोन भाकरी, भाजी, अंडं, दूध. ते वाचून त्यांनी इंजेक्शन वाढवलं. मग कांद्याच्या वाफ्यात हातपाय कापायला लागले. एकदा तर खुरपं हातात धरून आडवी झाले. कशानं होतंय ते मला ठाऊक होतं. पण खरं सांगितलं तर अभ्यासातून माझं नाव काढतील आणि जाऊबाईंचे पैसे बुडतील, म्हणून दोन महिने गप्प राहिले.

पुढच्या खेपेला वही तपासणाऱ्या मुलीनं बटणातली रेघ कॉम्प्युटरवर दाखवली. "मावशी, दोन भाकरी खाल्ल्यावर रेघ वर जायला पाहिजे. तुमची खाली चाललीय."

"ते मी वाढलेलं हाय," मी म्हणाले. "खाल्लेलं न्हाई."

"आणि इंजेक्शन?"

"ते मीच घेतलं."

तिनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी लहानपणी काय खायचात ते विचारलं. मांडवगणला माहेरी आम्ही पाच भावंडं, कितीदा तरी पाणी पिऊन झोपायचो, ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "लहानपणी पोट भरलं नाही तर इन्सुलिन तयार करणारी ग्रंथी नीट वाढत नाही, असं आता दिसतंय. अशा साखरेला हल्लीच वेगळा प्रकार मानलंय. सगळ्या डॉक्टरांचं अजून एकमत नाही. पण तुम्हाला इंजेक्शन थोडंच पुरेल, आणि आधी जेवण." पंचेचाळिशी आली, आणि तेव्हाची भूक अजून अंगात आहे म्हणे.

त्यांनी अभ्यासातून नाव काढलं नाही. दोन महिन्यांच्या पानांवर काट मारली, दोन खेपा वाढवल्या.

जाऊबाई म्हणाल्या, "आजून दोन? आधी खायाला शीक, मग लिव्ह." भाडं मात्र दिलं.

आता मी सकाळी सगळ्यांच्या आधी जेवते, दाराकडे पाठ करून. सासूबाई विचारतात, "बसली का सूनबाईंची पंगत?" घास उतरत नाही, तरी गिळते आणि मग टोचते. वाफ्यात पुन्हा पडले नाही.

शेवटची खेप झाल्यावरही बँकेतल्या आधारच्या घोळानं पैसे अडकले. दिवाळी झाल्यावर आले. यवतला जाऊन काढले आणि तसेच जाऊबाईंच्या हातावर ठेवले. त्यांनी बोटाला थुंकी लावून दोनदा मोजले.

"पुरं हायत," त्या म्हणाल्या.