फणसाच्या चिकाचा वास

सुनेने आज फणस फोडला आणि चिकाच्या वासाने मला शिसारी आली.

पन्नासएक वर्षांपूर्वी, मी परकरात असताना, संगमेश्वरला माझी काकू तापाने पडली. ती उठावी म्हणून काका देवळात पाखरू सोडायचा नवस बोलला आणि ती उठायची वाट न बघता तो फेडायलाही निघाला. सोडायला आधी धरायला हवं, म्हणून राईत फांदीला फणसाचा चीक फासून त्याने गाणारा दयाळ पकडला. देवासमोर सोडला, तर पंख चिकटलेले. तो पायरीवरच पडला.

“काका, पंखांना तेल लावूया?” मी म्हटलं.

“गप गो! सुटला तो. देवाची कृपा.”

मांजराने आमच्यादेखत त्याला उचललं. काका प्रसादाचं खोबरं वाटत राहिला. माझं मी थुंकून टाकलं.

आठवड्याने काकू गेली. काका म्हणाला, “सुटली बिचारी. देवाची कृपा.”