मैलभर जाणारी गोळी

"मारायचं काय आहे, ते पहिले सांगा. गोळी मंग पाहू."

गिऱ्हाईक कितीही मोठं असो, काकाजींचं पहिलं वाक्य हेच. परवाना त्यानंतर, पाण्याचा ग्लास त्याहूनही नंतर. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानांच्या मधे आमचं बंदुका-काडतुसांचं दुकान होतं आणि काकाजी तिथे चाळीस वर्षं काउंटरमागे उभे होते. बसलेलं मी त्यांना फक्त जेवताना पाहिलं.

रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं पिकात शिरतात, म्हणून वनखात्याची परवानगी घेऊन शेतकरी आमच्याकडे काडतुसं घ्यायला येत. काकाजी काचेच्या काउंटरवर खडूनं एक जनावर काढायचे. चित्र इतकं वाईट, की एकानं विचारलं होतं, "हे शेळी होय का जी?"

"शेळीच समजा. बोट ठेवा. कुठं मारसान?"

बहुतेकांचं बोट डोक्यावर जाई, काहींचं पोटावर. पोटावर गेलं की काकाजींचा आवाज चढे. "पोटात? पोटात मारलं तं ते तिथंच मरते का बाप्पा? तीन दिवस मरत राहते. अन् तुमच्या वावरात नाई, दुसऱ्याच्या!" बोट खांद्यामागे नीट पडलं, तरच ते कपाटाकडे वळत. दुकानाचे मालक शेठजी चिडायचे, "काकाजी, दुकान आहे का शाळा?" काकाजी म्हणायचे, "दोन्ही हाये."

त्यांचा खरा राग बावीस बोरच्या रायफलीवर होता. हलकी, आवाज कमी, खांद्याला धक्का नाही. म्हणून हौशी लोकांना ती आवडते. काकाजी तिचं करंगळीच्या पेराएवढं काडतूस बारा बोरच्या काडतुसाशेजारी उभं करत. "हे निशाणेबाजीचं. पुठ्ठ्यावर मारा. पुठ्ठ्याले हाड नसते." एखादं गिऱ्हाईक ऐकीव ज्ञान सांगे, की टोकाला पोकळी असलेली गोळी घेतली तर ती आत गेल्यावर फुलते, मग हरणाला पुरते. "सशाले पुरते," काकाजी म्हणत. "मोठ्या जनावरात ते कातड्याखालीच फुलते अन् तिथंच थांबते. जनावर चालू लागते."

मी उमरेडचा. वडील हातमागावर बसायचे. घरातला पहिला पदवीधर मी, आणि पदवी घेऊन वर्षभर घरी बसलेला. मला या दुकानात काकाजींनी लावून दिलं. नवी पेटी आली की ते म्हणत, "तू शिकलेला आहेस गा. वाच बारीक अक्षर." बावीसच्या पेटीवर इंग्रजीत लिहिलेलं असे, की ही गोळी मैलभर जाऊ शकते, जपून वापरा. मी वाचून दाखवलं, तेव्हा काकाजी म्हणाले, "मैलभर जाते, पण चार बोटं हाडात जात नाई. ध्यानात ठेव." मी वहीत लिहून घेतलं. मी असाच होतो, सगळं लिहून घेणारा.

एका सकाळी शहराच्या कडेच्या बेसा भागातले एक साहेब आले. मोठा बंगला, गावाकडे शेतघर, हातात रोही मारण्याची परवानगी आणि परवाना बावीस बोरचा. पोकळ टोकाच्या गोळ्या हव्या होत्या.

"रोही म्हणजे घोड्याएवढं धूड," काकाजी म्हणाले. "यानं मरत नाई. तीनशे पंधराची मोठी रायफलवाला कोणी सोबत न्या."

"तुम्ही द्या हो. हिचा आवाज होत नाही ना फार?"

काकाजींनी खडू खाली ठेवला. "परवानगी खिशात आहे तं आवाजाची भीती काहून?"

साहेब हसले. काकाजी हसले नाहीत. गोळ्या दिल्या नाहीत. आणि साहेब गेल्यावर मला म्हणाले, "रोही नाई मारत हा माणूस. चितळ मारते. चितळाची परवानगी कोणालेच भेटत नाई, म्हणून गुपचूप."

चार दिवसांनी काकाजी डोळे तपासायला गेले असताना साहेब पुन्हा आले. शेठजी समोर बसलेले. साहेब मोकळेपणानं बोलत होते, "रोहीचं कोण खातं? चितळाची चवच वेगळी." शेठजी हसले आणि मला म्हणाले, "देऊन टाक."

मी दिल्या.

तुम्ही म्हणाल, नोकर माणूस काय करणार. तसं म्हणू नका. मी ते वाक्य स्वच्छ ऐकलं होतं. काय मारायचं आहे हे मला कळलं होतं, ही गोळी काय करते हेही माझ्या वहीत होतं. दोन पेट्या कागदात गुंडाळून मी त्यांच्या हातात ठेवल्या, वर "या साहेब" म्हणालो. त्या "या साहेब"चा मला आजही संताप येतो.

त्या शेतघराशेजारी काकाजींच्या बहिणीचं वावर. पंधरवड्यात भाच्याचा फोन आला. तुरीत चितळाची मादी बसून आहे, उठत नाही. काकाजी पहिल्या बसनं गेले. दुसऱ्या दिवशी दुकानात आले, ते काउंटरमागे गेलेच नाहीत. गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभे राहिले.

"जबडा लोंबून राहिला होता तिचा," ते म्हणाले. "डोक्यात मारली हरामखोरानं. खाता येत नाई, पाणी पिता येत नाई. नाल्याच्या पाण्यात तोंड घालून बसत होती म्हणते भाचा, चार दिवस. वनखात्याच्या लोकायनं उचलली अन् गाडीतच गेली. डॉक्टरनं गोळी काढली. बावीसची. पोकळ टोकाची." मग माझ्याकडे पाहून विचारलं, "कोणं देल्ली?"

शेठजी म्हणाले, "परवाना होता, कागद होता. आपली विक्री कायदेशीर आहे."

"मी तुमाले नाई विचारलं."

"मी दिली, काकाजी," मी म्हणालो. साहेब काय बोलले होते, तेही सांगितलं.

मला वाटलं, ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चाल. वनखात्यात हेच सांग. म्या सांगितलं तं ऐकीव होते. तुह्या कानानं ऐकलं, तूच सांग."

शेठजी शांतपणे म्हणाले, "जायचं असेल तर जा. परत येऊ नको."

वडिलांचे गुडघे गेलेले, बहीण नर्सिंगला, घर माझ्या पगारावर. हे सगळं खरं आहे आणि मी त्या क्षणी तेच बोललो. "काकाजी, माझी नोकरी..."

"हो," ते म्हणाले. "म्याच लावली होती." आणि एकटे गेले. दुकानात पुन्हा आले नाहीत.

मी विसाव्या दिवशी वनखात्यात गेलो. जबाब दिला, सही केली. साहेबांनी रायफल कालव्यात पडल्याची तक्रार त्याच्या आठवडाभर आधीच नोंदवून ठेवली होती. अधिकारी कागदावरून मान न उचलता म्हणाले, "आधी आला असता तर रायफल ताब्यात घेऊन गोळी जुळवून पाहता आली असती. एवढे दिवस काय करत होता?" नोकरी तर त्याच संध्याकाळी गेली. म्हणजे वीस दिवस मी काय वाचवलं, विचाराल तर काहीच नाही.

वनखात्यातून मी थेट नंदनवनला काकाजींच्या घरी गेलो होतो. काहीतरी मोठं केल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. काकाजी फाटकाशी उभे राहून जास्वंदीला पाणी घालत होते.

"काकाजी, सांगून आलो मी. सगळं."

त्यांनी पाइप खाली ठेवला नाही. "मले काहून सांगून राहिला? तिले सांग, नाल्यात बसली होती तिले."

मग नळ बंद केला, फाटकाची कडी आतून लावली आणि घरात गेले.

मी तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळानं काकू बाहेर आल्या. कडी न काढता त्यांनी फाटकावरून पाण्याचा ग्लास पुढे केला. "त्यायनंच सांगितलं द्यायले," एवढंच म्हणाल्या. मी पाणी प्यालो, ग्लास परत केला. पुढच्या उन्हाळ्यात काकाजी गेले, ते मला दुसऱ्यांकडून कळलं.