ओटीतलं दहाचं नाणं

आमच्या कंधारला दहाचं नाणं चालत नाही. का चालत नाही ते मला विचारू नका, मीच सगळ्यांना विचारून थकले. कुणी म्हणतं बंद झालं, कुणी म्हणतं नकली निघालंय, कुणी म्हणतं त्याच्यावरच्या रेघा बघाव्या लागतात. टीव्हीवर सांगतात चालतं, बँकेतला साहेब म्हणतो चालतं. पण दुकानदाराच्या हातावर ठेवून बघा, विंचू दिसल्यासारखा हात मागं घेतो. त्याचंही बरोबरच म्हणा. त्याच्याकडून पुढं कोण घेणार?

तसं आता नाण्याला काम तरी काय उरलंय. मेथीची जुडी घ्यायला गेलं तर भाजीवाली टोपलीला टेकवलेला तो काळा-पांढरा चौकोन दाखवते. माझा फोन साधा, बटनाचा. मी पिशवीतून चिल्लर काढते तेव्हा ती घेते, पण उपकार केल्यासारखी. किराणावाला सुटा रुपया द्यायच्या ऐवजी गोळी हातावर ठेवतो. माझ्या तोंडात दात किती राहिलेत हे त्याला चांगलं ठाऊक आहे, तरी ठेवतो. नाणं खरं लागतं ते ओटीला. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि त्यात नाणं. ओटीत अजून तरी फोन घालत नाहीत.

तर झालं असं, की नातीला बघायला पाहुणे आले. मूळचे चाकूरकडचे, पण पोटापाण्यासाठी पुण्याला गेलेले, तिकडचेच झालेले. मुलगा नोकरीचा. ओसरीत बसून नातीशी नीट बोलला. नात आत आली ती खाली बघत, पण गालात हसत. माझ्या सुनेचा जीव भांड्यात पडला, कारण याच्या आधीची दोन स्थळं पोरीनंच नको म्हटली होती. जाताना मुलाच्या आईनं पोरीची ओटी भरली. पाहुणे गेले, आम्ही पदर सोडला, तांदूळ बाजूला केले, तर आत दहाचं नाणं.

शेजारीण तिथंच होती. तिनं लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "अगं माय, हे तर चालत न्हाई. पोरीच्या ओटीत खोटं नाणं घातलं व्हय?"

झालं. सुनेचं तोंड उतरलं. माझा मुलगा म्हणाला, "असं काही नसतंय, त्यांच्या ध्यानात आलं नसंल." पण माझ्या डोक्यात शक शिरला तो शिरलाच. भाऊबंद सगळे चाकूरला, म्हणजे इथं काय चालतं काय नाही हे त्या बाईला ठाऊक नाही असं कसं? का तिकडं कुणी घेईना म्हणून इकडं पदरात टाकून मोकळी झाली? आज नाणं असं, तर उद्या मंगळसूत्राचे मणी कसे निघतील?

खरं-खोटं केल्याशिवाय मला राहवेना. कुणाला न सांगता नाणं कमरेला लावलं आणि निघाले. किराणावाला म्हणाला, "माय, तुम्ही घरच्या म्हून सांगतो, ठेवा ते देवापाशी." रिक्षावाला म्हणाला, "आजी, गरिबाला फसवून राहिल्या का?" डोळे दाखवायला नांदेडला गेले, तिथं स्टँडवरच्या चहावाल्यानं तर नाणं हातात घेतलंच नाही, नुसती मान हलवली. घरी आले आणि सुनेला म्हटलं, लाव पुण्याला त्या बाईला फोन.

"ओटीत नाणं कसलं घातलं हो ताई तुम्ही?"

"दहाचं. का, काय झालं?"

"ते चालत न्हाई."

"चालत नाही म्हणजे? इथं बसमध्ये घेतात, दूधवाला घेतो."

"आमच्याकडं कुणीच घेईना. किराणावाला न्हाई, रिक्षावाला न्हाई, नांदेडचा चहावाला सुद्धा न्हाई."

मग बाई हळूच म्हणाली, "म्हणजे आजी, तुम्ही पोरीच्या ओटीतलं नाणं बाजारात मोडायला नेलं?"

ओटीतलं नाणं खर्चायचं नसतं, लग्न होईपर्यंत देवापाशी ठेवायचं असतं, हे सुनेला मीच शिकवलेलं.

"बरं," ती म्हणाली. "घरात बोलून कळवते."

नात दारात उभी होती, सगळं ऐकत. ती म्हणाली, "आजी, तू त्यांचं खरं-खोटं करायला गेलीस. आता ते आपलं करतील." एवढं बोलली आणि माझ्याशी बोलणं सोडलं. चहा आणून ठेवायची, पण 'घे' म्हणायची नाही. फोन बघायची, ठेवायची, पुन्हा बघायची. पुण्याहून काही येईना. मी चांगलं स्थळ घालवलं, असं घरात कुणी म्हणत नव्हतं, पण भाकरी वाढायचे ती तसं म्हटल्यासारखीच.

मग एका दुपारी दारात रिक्षा थांबली आणि भांडणाचा आवाज आला. बघते तर मुलाची आई, एकटीच, हातात पिशवी.

"अहो, सरकारचं नाणं आहे हे."

"मग सरकारला द्या ताई. मला नोट द्या."

मी दारात आले. खरं सांगायचं तर मी त्यांना जरा वेळ भांडू दिलं. मग रिक्षावाल्याला नोट दिली.

ती आत बसली, पाणी प्यायली. म्हणाली, "तुमच्या गावात सरकारला मानत नाहीत का?"

"आमचंच कशाला, तुमच्या चाकूरला विचारा."

"तिथूनच आले. भावाकडं उतरले होते. वहिनी म्हणाली, वन्सं, पोरीच्या ओटीत हे घातलं? डोकं फिरलं का तुमचं?" ती थोडी हसली, पण लगेच सावरली. "पण आजी, मी नाण्यासाठी आले नाही. ओटीतलं मोडणाऱ्या घरातली पोर करायची का, ते डोळ्यानं बघायला आले."

"बघा की," मी म्हटलं. "घर कुठं पळून चाललंय."

आणि तिनं बघितलं. देव्हारा बघितला, माठाचं पाणी बघितलं. तांदळाच्या कोठीचं झाकण काढून मूठ भरून वास घेतला. तुरीची डाळ हातावर घेऊन कीड आहे का बघितली. सून रागानं लालबुंद, नात भिंतीला टेकून नखं कुरतडत उभी. ती मलाही मधून मधून बघत होती, आणि मी तिला.

शेवटी ती नातीला म्हणाली, "चहा तू कर. साखर कमी टाक, मला शुगर आहे." चहा पिऊन झाल्यावर कप खाली ठेवत म्हणाली, "ह्यांना घेऊन येते. सुपारी फोडून टाकू."

नात आत पळाली. त्या दिवशी जेवताना ती मला म्हणाली, "घे आजी, गरम हाय."

सून अजून धुसफुसते, की पाहुणीनं कोठीचं झाकण काढायची काय गरज होती. मी तिला म्हणते, बाई, मी तिच्या जागी असते तर पीठसुद्धा चाळून बघितलं असतं. एवढी शकी सासू आहे, आपल्या पोरीला बाहेर कुणाकडून फसू देणार नाही.