मंजुरी आत्याने द्यायची

स्थळ बघायला जाताना सीताबाईला सोबत न्यायची पेणजवळच्या आमच्या गावात पद्धतच पडली आहे. समोरचे काय बोलतात याकडे तिचं फारसं लक्ष नसतं. चहा रोजच्या कपांतून आला की ठेवणीतल्या, मुलाची आई बाहेर येऊन बसली की दारातच उभी राहिली, एवढंच ती बघते. खांब गावातल्या एका घरी मुलाची आई "मुलगी आमचीच समजा" म्हणत राहिली, पण निघताना फाटकापर्यंत कुणी आलं नाही. रिक्षात बसल्याबसल्या सीताबाई म्हणाली, "नकार हाय गो." नकारच आला. आणि कुणी "बघू" म्हणालं, की ती "नाय" असंच धरते.

ही नजर तिला मिठागरातल्या कामाने दिली. तिथे वाऱ्यात हाक पोचत नसे, बाया हातवाऱ्यांनीच बोलत. आता ती घरी पापड लाटून विकते.

धाकट्या भावाच्या, कमळाकरच्या मुलीसाठी रोह्याचं स्थळ तिनेच आणलं. मुलगा रितेश, कंपनीत कायम. मुलगी, प्रतिक्षा, पेणला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. मंडळी बघायला आली तेव्हा तिने चहाचा कप रितेशच्या हातात न देता स्टुलावर ठेवला आणि मान खाली घालून आत गेली.

"लाजली," सीताबाईने भावाच्या कानात सांगितलं. "होकार हाय."

मंडळी गेल्यावर प्रतिक्षा स्वयंपाकघरात म्हणाली, "आते, मला नको हा."

"आमीबी असंच बोलायचो."

"लग्नानंतर नोकरी करू का, मघाशी दोघांना बोलायला बसवलं तेव्हा विचारलं मी त्याला. नुसता हसला."

"हसला म्हंजे व्हय."

"मी तोंडाने विचारलं, आते. उत्तरपण तोंडानेच पायजे होतं."

"लय शिकलीस," म्हणून सीताबाई पापड वाळत घालायला निघून गेली.

सुपारी फोडायला सगळे रोह्याला गेले. आमच्याकडे सुपारी फोडण्याआधी वडीलधारा विचारतो, "पोरीची मंजुरी हाय ना?" आणि आत्या म्हणते, "हाय." मुलगी आतल्या खोलीत असते. तिला कुणी विचारत नाही. सुपारी फुटली की लग्न मोडता येत नाही.

पाटावर सुपारी ठेवली. रितेशच्या काकांनी ठरलेला प्रश्न विचारला. सीताबाईने तोंड उघडलं, आणि आतल्या दाराकडे तिची नजर गेली. प्रतिक्षा पडद्याआडून तिच्याकडेच बघत होती. मान खाली नव्हती.

सीताबाई रितेशकडे वळली. "जावयबापू, पोरीनं नोकरीचं विचारलं व्हतं ना? काय सांगितलंत?"

रितेश हसला आणि त्याने आईकडे बघितलं.

"त्याचं काय एवढं," आई म्हणाली. "ते बघू नंतर."

सीताबाईने पदर सारखा केला. दुसऱ्याच्या पोरीसाठी आली असती तर आता ती चपला शोधू लागली असती.

"मंजुरी पोरीलाच इचारा," ती म्हणाली.

"असं कुठे असतं का?" काका म्हणाले.

"नसंल. इचारा."

प्रतिक्षा पडदा बाजूला करून बाहेर आली. "नाय," म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

चहाचं कुणी विचारलं नाही. फाटकापर्यंतही कुणी आलं नाही.

परतताना कमळाकर ड्रायव्हरशेजारी खिडकीबाहेर तोंड करून बसला. निडी मागे पडलं, नागोठणं आलं, तरी त्याने मान वळवली नाही. मागच्या सीटवर प्रतिक्षाने आत्याचा हात धरून ठेवला होता.

शेवटी सीताबाईनेच पुढे वाकून म्हटलं, "कमळाकरा, रागावला असशील तर तोंडानं बोल. मानेवरनं नाय आता मी कायबी ओळखणार."

"बोलतो," कमळाकर म्हणाला. "घरी चल, मग बोलतो."

आणि बोलला. शेजाऱ्यांनाही ऐकू येईल एवढं बोलला. सीताबाई पापडाचं पीठ कुटत सगळं ऐकत होती.