बफेलो सरांचा मोहल्ला

परकार सरांसमोर कुठल्याही जागेला रिकामी म्हणायची सोय नव्हती. अकरावीत असताना आमची सहल दुबईहून डोंगरातल्या हत्ता गावाला चालली होती. दोन्ही बाजूंना वाळू, आणि बसमध्ये सगळे पेंगलेले. मागच्या सीटवरचा एक मुलगा कंटाळून म्हणाला, "सर, देअर इज नथिंग हिअर." झालं! सरांनी ड्रायव्हरला बस कडेला घ्यायला लावली. "उतरा सगळे. यल्ला." भर उन्हात आम्ही उतरलो. शेळ्यांच्या लेंड्या दिसल्या, टायरच्या खुणा दिसल्या, आणि एका घाफच्या झाडाखाली गुंडाळून ठेवलेली चटई आणि फांदीला अडकवलेली किटली. "ही कोणाची?" सरांनी विचारलं. कोणाला ठाऊक असणार? "माणूस दिसला नाही म्हणजे माणूस नाही, असं होत नसतं बाबा," एवढं बोलून सर बसमध्ये जाऊन बसले. आम्ही हत्ताला पोचेपर्यंत बुटांतली वाळू झटकत होतो.

ऊद मेथातल्या आमच्या भारतीय शाळेत ते इतिहास शिकवायचे. अकरावीला अमेरिकेचा एक धडा होता. गोरे लोक पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे कसे सरकत गेले आणि तिथल्या मूळच्या लोकांचं काय झालं, एवढाच विषय. बाकीचे शिक्षक तो धडा आठवड्यात उरकायचे. परकार सर तो धडा परीक्षा तोंडावर आली तरी सोडायचे नाहीत. रेल्वेच्या खिडकीतून लोक गंमत म्हणून गव्यांना गोळ्या घालायचे आणि मेलेली जनावरं तशीच कुजत पडायची, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. म्हणून त्यांचं नाव पडलं बफेलो सर. मागच्या बाकावरून कोणीतरी हंबरायचं. सर रागवायचे नाहीत. "ही म्हैस झाली. गवा एवढा बारीक ओरडत नाही," म्हणायचे. त्यांनी स्वतः अमेरिका पाहिली नव्हती आणि तिथला गवा तर नाहीच नाही.

फळ्यावर ते अमेरिकेचा नकाशा काढायचे आणि हिरव्या मार्करने तो जमातींच्या नावांनी भरून टाकायचे. मग उजव्या कडेला उभं राहून तळहाताने एकेक नाव पुसत डावीकडे सरकायचे. डस्टर समोर असूनही हातानेच. दिवसभर तो हात हिरवा असायचा आणि त्याच हाताने ते डबा खायचे. "इथे एक गाव होतं," ते एका पुसलेल्या जागेवर बोट ठेवून सांगायचे. "गावचे लोक शिकारीला गेले होते, हंगाम संपला की परत येणार होते. तेवढ्यात मोजणीवाला आला. त्याने चुलीला हात लावला, चूल थंड. त्याने लिहिलं, इथे कोणी राहत नाही." मुलं आपली घड्याळाकडे बघत बसायची.

माझे बाबा आणि सर मित्र होते, त्यामुळे शुक्रवारी आम्ही पुष्कळदा त्यांच्याकडे जेवायला असायचो. झुबेदाकाकी सांदणं करायच्या. जेवताना टीव्हीवर कुठल्यातरी देशातल्या खाणीची नाहीतर धरणाची बातमी लागली की सरांचा घास हातातच राहायचा. "आधी मोजणी. मग रस्ता. मग दुकान. शिपाई सगळ्यात शेवटी," ते म्हणायचे, मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात. बाबा चिडवायचे, "सर, कालवण गार होतंय. तुमची अमेरिका कुठे पळून जात नाही." काकी म्हणायच्या, "ह्यांना जेवायला वाढायचं म्हणजे आधी बातम्या बंद करायच्या." सर हसायचे. पण मला लहानपणी त्या चार शब्दांची भीती वाटायची. ते नेहमी त्याच क्रमाने यायचे.

सरांचं गाव रत्नागिरीतल्या एका खाडीकाठी. तिथला त्यांचा मोहल्ला मी एकदा मे महिन्यात पाहिला आहे. लग्नांचे दिवस होते. घराघरांतून बिर्याणीचा वास, दुबईच्या परफ्यूमचा वास, इंग्रजीत भांडणारी नातवंडं. घरं तर अशी, की बघत राहावं. संगमरवरी पायऱ्या, निळ्या काचांचे सज्जे, फाटकावर सोनेरी रंग. आखातात राबून प्रत्येकाने बांधलेली, आणि शेजाऱ्यापेक्षा एक मजला जास्त चढवलेली. जून उजाडला की सगळ्यांना कुलपं. पूर्वी निदान म्हाताऱ्या आया तरी मागे असायच्या. पण आई एकटी पडते, आजारी पडली तर कोण बघणार, म्हणून एकेकाने आपापली आई मुंब्र्याला नाहीतर इकडे आणली. सरांनीही अम्मांना आणलं. किती मायेने आणलं होतं! त्या ऊद मेथाच्या बाल्कनीत बसून खाली गाड्या बघायच्या आणि "माझ्या अंगणात आता दिवा कोण लावतो रे?" असं विचारायच्या. त्या इथेच गेल्या.

माझं शिक्षण झालं, दुबईतच सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी लागली, सर निवृत्त होऊन मुलाच्या व्हिसावर राहू लागले. एका शनिवारी मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा त्यांचा भाचा नासिर आला. तो जबल अलीच्या बंदरात काम करतो. आल्या आल्या त्याने मोबाईल पुढे केला. "मामू, हे बघा. आपल्या गावात बंदर येतंय!" फोटोत मोहल्ल्याची पाऊलवाट होती आणि वाटेच्या कडेला मोजणीवाल्यांनी चुन्याने रंगवलेले दगड, एकापुढे एक, थेट कबरस्तानापर्यंत. नासिर खुशीत सांगत होता, वस्तीचा भाग वगळणार आणि ओसाड भाग घेणार, पुढच्या महिन्यात घरोघर पाहणी आहे. सरांनी फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. त्यांचा चेहरा असा उतरला की काकींनी पाण्याचा पेला आणला.

"घरोघर म्हणजे," सर म्हणाले, "घरात माणूस आहे का ते बघणार."

नासिरच्या अजूनही ध्यानात आलं नव्हतं. माझ्या आलं. मोहल्ल्यातल्या सगळ्या घरांना कुलपं होती.

पुढच्या रविवारी मी त्यांना गाडीने जबल अलीला नेलं. कंपनीच्या कॅम्पमधल्या जेवणघरात मोहल्ल्यातले बरेच पुरुष जमले होते. फोरमन, क्रेन ऑपरेटर, दोघे ऑफिसवाले, एक दुकानदार. सर उभे राहिले आणि वर्गात बोलायचे तसेच बोलले. पाहणीच्या आधी प्रत्येक घरातला एक माणूस गावी गेला पाहिजे. चूल पेटली पाहिजे. नाहीतर मशीद, कबरस्तान, घरं, सगळं ओसाडात धरतील.

"पण मामू, बंदर आलं तर वाईट काय?" नासिर म्हणाला. "तिथेच जॉब मिळेल. इथे कॅम्पात कशाला मरायचं?"

"तिथे म्हणजे कुठे? तुझं घर असेल त्या जागी कंटेनर असेल."

"मॅनेजर लीव्ह देत नाही, सर. प्रोजेक्ट पीकवर आहे," एक ऑफिसवाला म्हणाला. दुसरा म्हणाला, मुलांच्या एक्झाम्स आहेत. दुकानदार म्हणाला, "घर माझ्या नावावर आहे ना? लॉक आहे म्हणून काय झालं? हबीबी, कोई ऐसे कैसे लेगा?"

"त्यांचीही घरं त्यांचीच होती," सर म्हणाले. "शिकारीला गेले होते, एवढंच. आपण इथे दुसरं काय करतोय?"

मग एकेक जण उठला, सरांचा हात हातात घेऊन "बघतो सर, इन्शाल्ला" म्हणाला आणि गेला. येताना गाडीत सर म्हणाले, "ज्याला यायचं असतं तो तारीख सांगतो गं." वाटेत कामगारांच्या बसगाड्या आमच्या शेजारून जात होत्या आणि ते त्यांच्या खिडक्यांकडे बघत होते.

ते एकटेच गेले. काकींचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, त्यांना जाणं शक्य नव्हतं. जायच्या आधी इथल्या घराघरांतून त्यांनी किल्ल्या मात्र गोळा केल्या. किल्ली द्यायला कोणीच नाही म्हणालं नाही. विमानतळावर मी विचारलं, "सर, एकट्याने काय होणार?" ते म्हणाले, "अश्विनी, मी आयुष्यभर हा धडा शेवट माहीत असून शिकवला. एकदा तरी मध्ये उभं राहून बघू दे." मला रडू आलं. त्यांना घाई होती.

तिथून ते रोज फोन करायचे. आज अमक्याच्या खिडक्या उघडल्या, आज तमक्याचं अंगण झाडलं. रोज वेगळ्या घरात स्वयंपाक करायचे. पाहणीच्या दिवशी तर त्यांनी आपले सदरे, लुंग्या, टॉवेल सगळ्या अंगणांतल्या दोऱ्यांवर वाटून वाळत घातले. हे सांगताना शाळकरी पोरासारखे हसत होते. मीही हसले, पण धास्ती काही गेली नाही.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा आवाज अगदी शांत होता.

"मोजणीवाला आला होता गं. तरुण मुलगा, तुझ्याहून लहान. फार सभ्य. पायातले बूट काढून ओटीवर आला. चार अंगणं फिरला, मग म्हणाला, काका, सगळ्या लुंग्या एकाच मापाच्या आहेत. खरं सांगा, इथे कितीजण राहता?"

"मग?"

"मग काय? इतक्या सरळपणे विचारल्यावर खोटं कसं बोलणार? मी एकटा, म्हणालो. तो म्हणाला, मग एक घर वस्तीचं लावतो. एका घरासाठी भाग वगळता येत नाही, पण तुम्हाला वर सड्यावर, कातळाच्या माळावर, प्लॉट मिळेल, मी जातीने बघतो. तिकडे अमेरिकेतही असंच केलं होतं, अश्विनी. माणशी एकेक तुकडा द्यायचा आणि उरलेल्याला जादा जमीन म्हणायचं. हे मी त्याला सांगितलं. चहा पाजला आणि सगळा धडा सांगितला. गवे, रेल्वे, थंड चूल, सगळं. एवढं लक्ष देऊन माझ्या वर्गात कोणी ऐकलं नव्हतं. प्रश्नसुद्धा नेमके विचारले. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या."

"मग सर?"

"मग कप विसळून ठेवला, टेप उचलली आणि पुढच्या अंगणात मोजायला गेला."

पलीकडून कसली तरी घरघर ऐकू येत होती. रस्त्याचं काम सुरू झालं असावं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हालाही सगळ्यांना तो धडा असाच समजला होता का गं?"