बेबीताईंची खोली आणि दोन हजार सीडी

शेंदूरजनाघाटच्या बेबीताईंना लग्नानंतर अठरा वर्षं एकही पिक्चर पाहता आला नाही. घरच्या बायकांनी टॉकीजमध्ये गेलेलं सासऱ्यांना चालत नव्हतं, आणि नवरा गोवर्धन वडिलांपुढे बोलत नव्हता. सासरे गेले. बेबीताईंनी झेंडू विकून पहिली वस्तू घेतली ती सीडी प्लेअर. मग वरूडच्या बाजारातून, पुढे अमरावतीतल्या बंद पडत चाललेल्या सीडीच्या लायब्रऱ्यांमधून त्या पिक्चर आणत राहिल्या. वीसेक वर्षांत दोन हजारांवर सीडी जमल्या. मागच्या खोलीत, संत्र्यांच्या कॅरेटमध्ये, कशाही कोंबलेल्या.

गेल्या वर्षी मुलगा शेखर याने ती खोली पाहुण्यांसाठी करायची ठरवली. घरात इंटरनेटवाला टीव्ही आला होता, सगळे पिक्चर त्यात होते, असं त्याचं म्हणणं. त्याने भंगारवाल्यालाही बोलावलं. बेबीताई खोलीच्या दारात पाट टाकून बसल्या.

"काय पाहाचं हे अठरा वर्षं दुसऱ्यानं ठरवलं," त्या म्हणाल्या. "आता मी ठरवीन."

शेखर चिडला. "यातला एक पिक्चर पाच मिनिटात काढून दाखव, मंग बोल." त्याने कुस्तीवरचा एक जुना पिक्चर सांगितला.

बेबीताईंनी सगळे कॅरेट उपसले. भंगारवाला कंटाळून निघून गेला. दिवेलागणीपर्यंत पिक्चर सापडला नाही. मुलाचं बोलणं खरं निघालं, हेच त्यांना जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी त्या कामाला लागल्या. आधी अक्षरवार लावून पाहिलं. शंभर झाल्यावर 'अ'चे आणखी तीस निघाले आणि सगळी रांग सरकवावी लागली. हिरोप्रमाणे लावावं, तर एकेका पिक्चरमध्ये तीन हिरो. शेवटी सून प्रणालीने सुचवलं, की हाती येईल त्या सीडीला पुढचा नंबर द्यायचा, वहीत प्रत्येक अक्षराला वेगळी पानं ठेवून त्यात नाव आणि नंबर लिहायचा, आणि शोधायचं ते वहीत. हे जमलं. प्लॅस्टिकचे डबे काढून सीडी कागदी पाकिटांत गेल्या आणि अर्धी खोली रिकामी झाली. कुस्तीचा पिक्चर नवव्या दिवशी भलत्याच डब्यात निघाला. चौथी शिकलेल्या बेबीताईंचं अक्षर मोठं, म्हणून वह्या तीन लागल्या.

प्रत्येक सीडी त्यांनी लावून पाहिली. अडकणाऱ्या दोनशेवर सीडी स्वतःच्या हाताने फेकल्या. शेखरलाही हेच तर करायचं होतं, असं गोवर्धन म्हणाले.

"मी फेकीन. दुसरा कोनी नाई फेकनार."

दिवाळीत शेखरचा साडू कुलदीप आला, तेव्हा बेबीताईंनीच मुलाला पिक्चर सांगायला लावले. त्याने तीन नावं सांगितली. दोन त्यांनी वही पाहून लगेच काढून दिले. तिसऱ्याच्या अक्षराची पानं चाळली आणि वही मिटली. "हा माह्यापाशी नाई." कुलदीप हसला. शेखरला मात्र कळलं, की आईला आता आपल्याकडे काय नाही तेही माहीत आहे. त्याने ते तिन्ही टीव्हीत शोधले. एकच मिळाला.

नंतर पाहुण्यांच्या पलंगाचं माप घ्यायला सुतार आला, तेव्हा बेबीताईंनी त्याला भिंत दाखवली आणि जमिनीपासून छतापर्यंत फळ्या मारायला सांगितलं. सुताराने शेखरकडे पाहिलं.

"त्याच्याकडं काहून पाहून राहिला?" बेबीताई म्हणाल्या. "माप घे."

सुताराने टेप उघडला. पाहुणे अजूनही बैठकीतच झोपतात.