पाचवं लिंबू

नुंगंबाक्कमच्या शोरूममध्ये मी महागड्या मोटारी विकायचो. एकदा आपल्या मालकाबरोबर एक वयस्कर ड्रायव्हर आले. एकाच गाडीचे दोन प्रकार, साधी आणि स्पोर्ट, त्यांनी चालवून पाहिले. उतरल्यावर ओले तळवे पँटला पुसत ते मला हळूच तमिळमध्ये म्हणाले, "सार, साधी शंभरला जरा डोलते, मग पाय आपोआप सैल होतो. स्पोर्ट एकशेवीसलाही हलत नाही. भीतीच वाटत नाही, त्याचीच भीती वाटते."

मला गाडी खपवायची होती. मी मालकांपुढे स्पोर्टचं माहितीपत्रक ठेवलं.

मालकांनी स्पोर्टच घेतली. गाडी न्यायच्या दिवशी ड्रायव्हरनी तिकडच्या रिवाजाप्रमाणे, अरिष्ट टळावं म्हणून, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. मागच्या सीटवरून मालक म्हणाले, "आज बघू या, किती पळते!"

ड्रायव्हरनी पाचवं लिंबू स्वतःच्या खिशात टाकलं आणि किल्ली फिरवली.